पदव्युत्तर संशोधन आणि समाजाचे स्वास्थ्य

(संस्थेच्या व्याख्यानमालेत केलेले भाषण)



संयोजकांनी मला दिलेला विषय भारदस्त आहे. स्वास्थ्य, अस्मिता आणि समाज या संबंधी पदव्युत्तर पातळीवर जे संशोधन होते, त्याचा आपल्याला उपयोग काय, असा तो विषय. मी प्राध्यापक नाही. समाजशास्त्र घेऊन बी. ए. झाले आणि बँकेत लिपिक म्हणून लागले. तरीही मी हो म्हटले, याला कारण आहे. आपल्या वस्तीतली मुले-मुली आता एम. ए., एम. एस. डब्ल्यू., पीएच. डी. करू लागली आहेत. हातात प्रश्नावली घेऊन ती घरोघर जातात. तेव्हा दारात उभ्या असलेल्या आपल्या माणसांकडून मी दोन वाक्ये नेहमी ऐकते. पहिले वाक्य, ‘याने नोकरी लागेल का?’ आणि दुसरे, ‘हे सगळे आम्हाला माहीतच आहे, त्यात शोधायचे ते काय?’

पहिल्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा मी आज प्रयत्न करणार आहे.

आम्ही बँकेत काम करणारी माणसे एक गोष्ट पहिल्या आठवड्यात शिकतो. काउंटरवर येऊन एखादा गृहस्थ शपथेवर सांगतो, ‘बाई, मी पैसे भरले आहेत.’ तो खरेच बोलत असतो. पण आम्ही विचारतो, ‘पावती कुठे आहे?’ पावती नसेल तर त्याचे खरेपणही अडून बसते. समाजाचेही तसेच आहे. आपण सोसले, हे आपल्याला माहीत आहे. पण ते माहीत असणे आणि त्याची पावती हातात असणे यांत फार अंतर आहे. संशोधन म्हणजे ती पावती. शिवाय पावती वाचली की कधी कधी आपल्या समजुतीपेक्षा निराळा आकडाही तिच्यावर निघतो. तोही आपण मान्य करायचा असतो. या दोन्ही गोष्टी ज्या एका उदाहरणात मला दिसल्या, ते आज तुमच्यापुढे ठेवते.

उदाहरण अमेरिकेतले आहे. इतक्या दूर जाण्याचे कारण बाबासाहेबांनीच आपल्याला देऊन ठेवले आहे. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस या कृष्णवर्णीय अमेरिकन विद्वानाला पत्र लिहिले. भारतातील अस्पृश्यांची आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची स्थिती इतकी सारखी आहे की त्यांचा अभ्यास करणे आपल्याला आवश्यकच आहे, असा त्या पत्राचा आशय होता. डु बॉईस यांनी त्याला उत्तरही पाठवले.

आणखी एक धागा आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात शिकले. ९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, तेथे प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात छापून आला. लक्षात घ्या, हा एका विद्यार्थ्याचा निबंध होता. जातीचे चटके ज्याने लहानपणापासून सोसले, त्या विद्यार्थ्याने तेथे आपल्या दुःखाची कहाणी सांगितली नाही. जात टिकते कशी, हा प्रश्न त्याने विचारला आणि जातीतल्या जातीत होणारे विवाह हे तिचे मूळ, हे पायरी पायरीने मांडून दाखवले. प्रश्न आपल्या जगण्यातला, पद्धत मात्र शास्त्राची. पदव्युत्तर संशोधन म्हणजे काय, हे आपल्या मुलांना समजावून देण्यास याहून वेगळा धडा नको.

त्याच कोलंबिया विद्यापीठातून १९४३ साली एका कृष्णवर्णीय स्त्रीने मानसशास्त्रात पीएच. डी. मिळवली. तिचे नाव मॅमी फिप्स क्लार्क. मी जी गोष्ट सांगणार आहे ती तिची आहे. पण ती सुरू होते त्याआधी, तिच्या एम. ए.च्या प्रबंधापासून.

मॅमींचा जन्म १९१७ सालचा, अर्कान्सा राज्यातल्या हॉट स्प्रिंग्ज गावचा. वडील डॉक्टर. घरी खाण्यापिण्याची ददात नव्हती. पण शाळा वेगळी, दुकानात वागणूक वेगळी, सगळेच वेगळे. १९३४ मध्ये त्या वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात गणित शिकायला गेल्या. तेथे केनेथ क्लार्क हे त्यांचे भावी पती भेटले आणि त्यांच्या सांगण्यावरून त्या मानसशास्त्राकडे वळल्या. १९३८ साली पदवी मिळाल्यावर त्या उन्हाळ्यात त्यांनी एका कृष्णवर्णीय वकिलाच्या कचेरीत नोकरी केली. शाळांतील वर्णभेदाविरुद्ध लढणारे वकील तेथे येत-जात असत. कायद्याने काय होऊ शकते, हे त्या मुलीने तेथे जवळून पाहिले.

नंतर एम. ए.साठी विषय निवडायची वेळ आली. त्यांनी घेतलेला विषय असा: शाळेत जाण्यापूर्वीच्या वयातील कृष्णवर्णीय मुलांना स्वतःची जाणीव केव्हा आणि कशी होते? ‘मी काळा आहे’ हे मुलाला कोणत्या वयात कळते? वॉशिंग्टनच्या बालवाड्यांतील तीन ते पाच वर्षांच्या दीडशे मुलांना त्यांनी चित्रे दाखवली आणि विचारले, यातला तू कोणता? १९३९ साली प्रबंध पूर्ण झाला. विषय तिच्या ओळखीच्या मुलांचा होता आणि विचारणारीही त्यांच्यातलीच होती.

पुढे शिष्यवृत्ती मिळाल्यावर पती-पत्नींनी मिळून हे काम वाढवले. जगभर ते ‘बाहुल्यांची चाचणी’ म्हणून ओळखले जाते. पुष्कळ पुस्तकांत केवळ केनेथ यांचे नाव येते. पण मूळ काम मॅमींचे, आपण त्यात मागाहून शिरलो, हे केनेथ यांनी स्वतःच पुढे सांगून ठेवले आहे. हे मी मुद्दाम सांगते, कारण समोर बसलेल्या भगिनींनाही असा अनुभव असेल.

चाचणी साधी होती. चार बाहुल्या. नाक-डोळे, अंगलट अगदी सारखी. दोन गोऱ्या, पिवळ्या केसांच्या. दोन तपकिरी, काळ्या केसांच्या. तीन ते सात वर्षांच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांपुढे त्या ठेवल्या. यातील १३४ मुले दक्षिणेतल्या अर्कान्सा राज्यातली, केवळ काळ्या मुलांसाठी असलेल्या शाळांतली. ११९ मुले उत्तरेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्डची, गोऱ्या मुलांबरोबर एकाच वर्गात बसणारी. मुलाला सांगायचे, तुला खेळायला आवडेल ती बाहुली दे. चांगली बाहुली दे. वाईट दिसते ती दे. छान रंगाची दे. मग गोऱ्या मुलासारखी दिसते ती, काळ्या मुलासारखी दिसते ती. आणि सर्वांत शेवटी, तुझ्यासारखी दिसते ती दे.

हा शेवटचा प्रश्न शेवटीच का? सुरुवातीच्या पाहणीत असे दिसले की तपकिरी बाहुली ‘माझ्यासारखी’ म्हणून एकदा उचलली की मूल पुढे तिचीच बाजू घेते. मग आवडीचे उत्तर खरे राहत नाही. म्हणून आवड आधी, ओळख नंतर. शिवाय निम्म्या मुलांपुढे बाहुल्या एका क्रमाने मांडल्या आणि निम्म्यांपुढे उलट्या क्रमाने, म्हणजे हाताजवळची म्हणून उचलली असे व्हायला नको. विद्यार्थी मित्रांनो, प्रश्नावली तयार करताना या दोन गोष्टी आठवा. प्रश्न कोणता विचारला याइतकेच तो केव्हा विचारला याला महत्त्व असते.

उत्तरे अशी आली. दर तिघांपैकी दोन मुलांना, नेमके सांगायचे तर शेकडा ६७ मुलांना, खेळायला गोरी बाहुली हवी होती. शेकडा ५९ मुलांनी गोरी बाहुली ‘चांगली’ म्हटली. शेकडा ५९ मुलांनी तपकिरी बाहुली ‘वाईट दिसते’ असे सांगितले. गोरी कोणती, काळी कोणती, हे दहांतल्या नऊ मुलांना बरोबर ठाऊक होते. म्हणजे अज्ञानातून आलेली ही उत्तरे नव्हती. आणि हे सगळे सांगून झाल्यावर शेवटचा प्रश्न आला, तुझ्यासारखी कोणती? तेव्हा काही मुलांचे चेहरे उतरले. उत्तरेतली काही मुले रडली, काही उठून निघून गेली. दक्षिणेतल्या एका मुलाने हसत हसत तपकिरी बाहुलीकडे बोट दाखवले आणि गोरे लोक ज्या शब्दाने त्याला हिणवत, तोच शब्द स्वतःसाठी वापरला.

बंधू आणि भगिनींनो, रडणाऱ्या मुलाचे दुःख दिसते. या हसणाऱ्या मुलाचे काय करायचे? आपल्या मराठीत ‘स्वस्थ’ हा शब्द आहे. स्वस्थ म्हणजे जो ‘स्व’मध्ये स्थिर आहे तो. स्वास्थ्य म्हणजे केवळ पोट भरणे नव्हे, केवळ ताप नसणे नव्हे. स्वतःच्या ठिकाणी, स्वतःच्या नावात, स्वतःच्या माणसांत न अवघडता उभे राहता येणे, हे स्वास्थ्य. म्हणून माझ्या विषयातले तीन शब्द वेगवेगळे नाहीत. अस्मिता दुखावली की स्वास्थ्य जाते, आणि अस्मिता घडते ती समाजात.

या कामाचे पुढे काय झाले? १९५१ साली दक्षिण कॅरोलायना राज्यातल्या क्लॅरेंडन काउंटीतील कृष्णवर्णीय पालकांनी शाळांच्या विभागणीविरुद्ध दावा लावला होता. वकिलांच्या सांगण्यावरून केनेथ तेथे गेले आणि सहा ते नऊ वर्षांच्या सोळा मुलांना त्यांनी त्याच बाहुल्या दाखवल्या. दहा मुलांनी गोरी बाहुली पसंत केली, अकरा मुलांनी काळी बाहुली वाईट ठरवली. ही साक्ष न्यायालयात झाली. १९५२ साली व्हर्जिनियातल्या तशाच खटल्यात राज्याच्या बाजूने हेन्री गॅरेट नावाचे प्राध्यापक उभे राहिले. वेगळ्या शाळांनी काही बिघडत नाही, असे त्यांचे म्हणणे. हे गॅरेट म्हणजे मॅमींच्या पीएच. डी.चे मार्गदर्शक! त्यांचे म्हणणे खोडून काढायला साक्षीच्या पिंजऱ्यात कोण उभे राहिले? त्यांचीच विद्यार्थिनी, डॉ. मॅमी क्लार्क. गुरूकडून विद्या घ्यावी, पण त्याचा पूर्वग्रह घेऊ नये, हे तिने करून दाखवले.

१७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्राउन’ खटल्याचा निकाल दिला. वर्णावरून मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणे घटनाबाह्य ठरले. नऊच्या नऊ न्यायाधीश एकमताचे होते. अशा वेगळेपणातून मुलांच्या मनात कमीपणाची भावना रुजते, हा मुद्दा निकालात आला आणि अकराव्या तळटीपेत संशोधनांची जी यादी दिली गेली तिच्यात पहिले नाव केनेथ क्लार्क यांच्या लेखनाचे होते. एका मुलीच्या एम. ए.च्या प्रबंधातून निघालेला प्रश्न पंधरा वर्षांत देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. ‘आम्हाला माहीतच आहे’ असे म्हणून ती गप्प बसली असती तर?

येथे टाळ्या वाजवून थांबता आले असते. पण मी म्हटले होते की पावतीवर निराळाही आकडा असतो. तो आता सांगते, कारण माझ्या मते आपल्यासाठी तोच अधिक महत्त्वाचा आहे.

वेगळ्या शाळांतील दक्षिणेकडच्या मुलांत गोरी बाहुली खेळायला मागणारी शेकडा ६२ होती. गोऱ्यांबरोबर शिकणाऱ्या उत्तरेकडच्या मुलांत हेच प्रमाण शेकडा ७२ होते. जेथे मुले एकत्र शिकत होती तेथे ओढ अधिक, आणि रडू फुटले तेही मुख्यतः तेथेच. हा आकडा क्लार्क दांपत्याने लपवला नाही, छापला. १९५३ साली सर्वोच्च न्यायालयात विरोधी वकिलाने तोच पुढे केला. पाहा, तुमच्याच आकड्यांप्रमाणे एकत्र शाळेतील मुलांचे अधिक बिघडते आहे!

याचा अर्थ वेगळ्या शाळा चांगल्या होत्या, असा मुळीच नाही. केनेथ यांचे म्हणणे असे की दक्षिणेतील मुलाने अपमान नशीब म्हणून पत्करला होता, म्हणून ते रडत नव्हते. उत्तरेतील मुलाने तो अजून पत्करला नव्हता. पुढील संशोधकांनी आणखी खोल जाऊन पाहिले. सत्तरच्या दशकाच्या आरंभी मॉरिस रोझेनबर्ग आणि रॉबर्टा सिमन्स यांचा बाल्टिमोरच्या शाळकरी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कृष्णवर्णीय मुलांचा स्वतःविषयीचा आदर गोऱ्या मुलांपेक्षा कमी नाही, असे त्यात दिसले. मूल स्वतःला तोलते ते साऱ्या जगाच्या तराजूत नव्हे, तर आई-वडील, मित्र, शिक्षक या जवळच्या माणसांच्या नजरेत. १९९१ साली विल्यम क्रॉस यांनी आपल्या पुस्तकात आणखी एक भेद दाखवला. ‘मी कसा आहे’ आणि ‘माझे लोक कसे आहेत’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बाहुल्या मुख्यतः दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतात. एखादे मूल स्वतःला हुशार समजते, आनंदी असते, पण आपल्या लोकांचे नाव काढले की त्याला अवघडल्यासारखे होते. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते.

हे ऐकताना तुम्हाला कोणी आठवले का? मला आठवते. आमच्या काउंटरवर नाव-आडनाव विचारावेच लागते. चांगला शिकलेला, चांगल्या पगाराचा तरुण पहिले नाव खणखणीत सांगतो आणि आडनावाला त्याचा आवाज एकदम खाली जातो. त्याच्या खात्यात पैसे आहेत. तो सुखवस्तू आहे. तो स्वस्थ आहे का?

आपल्या देशातही याची पावती आहे. २००४ साली कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन संशोधकांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत केलेल्या प्रयोगाचा अहवाल प्रसिद्ध केला. सहावी-सातवीतली मुले. त्यांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली, प्रत्येक सुटलेल्या कोड्याला पैसे. जात कोणी विचारली नाही तेव्हा तथाकथित खालच्या आणि वरच्या जातींची मुले सारखीच कोडी सोडवत होती. मग सर्वांसमोर प्रत्येकाचे नाव, वडिलांचे नाव, गाव आणि जात मोठ्याने वाचून दाखवली. तेवढ्याने खालच्या म्हटल्या जाणाऱ्या जातींतील मुलांची सुटलेली कोडी सुमारे पावहिश्श्याने घटली. डोके तेच, हात तेच, कागद तोच. ‘यांच्यात गुणवत्ताच नसते’ असे म्हणणाऱ्याला यापेक्षा शांत आणि सणसणीत उत्तर मला ठाऊक नाही.

आणि ही गोष्ट केवळ मनातली नाही. २००७ साली प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले. फरक फक्त नाव-आडनावाचा. दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावाच्या तुलनेत सुमारे दोन-तृतीयांश भरली, आणि मुस्लिम नावाच्या अर्जाला त्याहूनही कमी. म्हणजे काउंटरवर आवाज खाली आणणारा तो तरुण भित्रा नाही. त्याला अनुभवाने शिकवले आहे. म्हणून त्याला दोष देणारे भाषण करणे सोपे, पण निरुपयोगी आहे.

मग करायचे काय? पुन्हा मॅमींकडे पाहू या. पीएच. डी. असूनही त्यांना मनासारखी नोकरी मिळेना. न्यूयॉर्कमध्ये निराधार कृष्णवर्णीय मुलींच्या संस्थेत मानसिक चाचण्या घेण्याचे काम त्यांनी केले. तेथे त्यांना कळले की या मुलांच्या मनाकडे बघणारे शहरात कोणी नाही. १९४६ साली, निकालाच्या आठ वर्षे आधी, या पती-पत्नींनी हार्लेम वस्तीत एका इमारतीच्या तळघरात मुलांसाठी केंद्र काढले. भांडवल होते वडिलांनी दिलेले, हजार डॉलरपेक्षाही कमी. आई-बाप मुलांना घेऊन येऊ लागले, कारण शाळांनी त्या मुलांवर ‘मंदबुद्धी’ असा शिक्का मारून त्यांना वेगळ्या वर्गात टाकले होते. केंद्रात नीट चाचणी घेतली तेव्हा त्यांतली बहुतेक मुले मंदबुद्धी नव्हतीच. हे लेखी घेऊन पालक शाळेत परत जात. पुन्हा पावती! मॅमींनी हे केंद्र १९७९ पर्यंत चालवले.

मला यातून मिळालेले उत्तर असे आहे. न्यायालयाने शाळेचे दार उघडले, ते उघडायलाच हवे होते. पण दारातून आत गेलेल्या मुलाला संध्याकाळी परत येण्यासाठी आपल्या माणसांची जागा लागते, जेथे त्याला त्याच्या पूर्ण नावाने हाक मारतील आणि त्याचे ऐकून घेतील. उत्तरेतल्या शेकडा ७२ चा आकडा हेच सांगतो. आपण वस्तीतून फ्लॅटमध्ये गेलो, मुलांना इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातले, हे योग्यच केले. पण तेथे काम संपले असे समजलो, तर तो आकडा आपल्याला उद्देशून आहे. आपली मुले आज मिश्र शाळांत, मिश्र वसाहतींत वाढत आहेत. त्यांच्या मनात कोणती बाहुली ‘चांगली’ आहे, हे आपण त्यांना कधी विचारले आहे का?

आता तिघांना विनंती करते आणि थांबते.

पहिली विनंती विद्यार्थ्यांना. प्रबंधाचा विषय मार्गदर्शकांच्या कपाटातून नव्हे, आपल्या जगण्यातून घ्या. वसतिगृहात पहिल्या वर्षी आपल्या मुली कोणाशी बोलतात? बदलीच्या गावी घर शोधताना काय घडते? निवृत्त झाल्यावर आपला कामगार दिवस कसा काढतो? हे सर्व विषय आहेत. पण मग नियमाने चला. आधी निष्कर्ष ठरवून मागाहून माणसे शोधू नका. रोखपालाची रोकड दिवसाअखेर जुळली नाही तर ती खिशातले पैसे घालून जुळवायची नसते, चूक शोधायची असते. आकडा आपल्याविरुद्ध गेला तरी क्लार्कांप्रमाणे तो छापा. आणि प्रबंध झाल्यावर ज्या दारांतून उत्तरे घेतली, त्या दारांत एकदा परत जाऊन काय सापडले ते मराठीत, साध्या शब्दांत सांगा.

दुसरी विनंती घरच्या वडीलधाऱ्यांना, विशेषतः माता-भगिनींना. डु बॉईस यांनी १८९६-९७ मध्ये फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात घरोघर जाऊन माहिती गोळा केली. ते स्वतः कृष्णवर्णीय, तरी लोकांनी त्यांचे आनंदाने स्वागत केले नाही. आपल्याला कोणी नमुना म्हणून तपासावे, हे कोणालाच आवडत नाही. आपल्यालाही आवडत नाही, आणि ते रास्त आहे. म्हणून मुलांना जरूर विचारा, ही माहिती कशासाठी, नाव छापणार का, परत येऊन सांगणार का? समाधान झाले नाही तर नाही म्हणा. पण हो म्हटल्यावर ‘सगळे ठीक आहे, लिही’ असे सांगू नका. घरातले दारूचे दुःख, सुनेचे दुःख, शिकून घरी बसलेल्या मुलाची उदासी, आपापसातल्या पोटजातींचा आकस, हे लपवले की समाजाची अब्रू वाचत नाही, फक्त औषध लांबते.

तिसरी विनंती आपल्या संस्थेला. आपल्याकडे अभ्यासिका आहे. तिच्यात एक कपाट असे ठेवा की आपल्या भागातल्या ज्या मुला-मुलींनी प्रबंध लिहिले, त्यांची एकेक प्रत तेथे राहील. वर्षातून एक संध्याकाळ अशी ठेवा की ती मुले आपले निष्कर्ष येथे वाचतील आणि वस्तीतली माणसे त्यांना प्रश्न विचारतील. आणि आठवड्यातून एक तास असा ठेवा की शाळकरी मुले येथे येऊन शाळेत काय घडले ते बोलतील आणि एखादी शिकलेली ताई ते नुसते ऐकून घेईल. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. हार्लेममध्ये एक तळघर पुरले होते.

‘आम्हाला माहीतच आहे’ हे वाक्य आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. आता आपल्याच लेकी हातात कागद घेऊन दारात उभ्या आहेत. त्यांना आत बोलवा, पाणी द्या, आणि खरे ते सांगा. 

जय भीम.